पहिल्या सुईचा मान

टेकचंद कंपाउंडरनं त्या दिवशी तोंड उघडायच्या आधी कोणाला तरी एक शब्द विचारला असता, तर एवढं रामायण घडलंच नसतं. पण गोंदियाहून आलेला माणूस, तो कायले विचारते! चावडीसमोरच्या कडुलिंबाखाली त्यानं स्टोव्ह पेटवला, पातेल्यात सुया उकळायला टाकल्या आणि ठणठणीत आवाजात हुकूम सोडला, "पहले बच्चे, फिर जवान. बुढ्ढे लोग सबसे पीछे बैठो."

झालं! ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, काठ्या उचलल्या आणि एकेक करून सगळे घरी चालते झाले. माझी सासू देवकाबाई सगळ्यांच्या पुढे. जाता जाता टेकचंदकडे अशी पाहून गेली, की बिचाऱ्याच्या हातातला चिमटा खाली पडायचाच बाकी राहिला.

मी रुख्मा. दवनीवाड्यापासून कोसभर आत आमचं गाव, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. ही गोष्ट अठ्ठावन्न सालच्या ज्येष्ठातली. आदल्या श्रावणात गावात हैजा आला होता. तुम्ही पटकी म्हणता, तोच. जवान माणसं पडली आणि उठली. म्हातारी मात्र पडली ती उठलीच नाहीत. त्यात माझे मामाजी, म्हणजे सासरे, गेले. संध्याकाळी बांधीवरून पायी चालत आले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हापासून माझ्या जिवाला एकच घोर होता. या पावसाळ्यात हैजा पुन्हा आला, तर बुढी वाचायची नाही.

बुढी म्हणजे माझी सासू. मी तिला माय म्हणते, कारण माझी आई मी रांगत होते तेव्हाच गेली. लग्न होऊन आले तेव्हा मला साधी पेज शिजवता येत नव्हती. या बाईनं मला शिव्या देऊन देऊन सगळं शिकवलं. तिच्याशी भांडल्याशिवाय माझा दिवस उगवत नाही आणि माझ्याशी भांडल्याशिवाय तिला जेवण जात नाही. ती नसली तर मी काय करू, हा विचारसुद्धा मला सहन होत नव्हता.

आता टेकचंदचं चुकलं काय, ते सांगते. आमच्या गावात कशालाही पहिला हात लावायचा तो सगळ्यात वडील माणसानं. नवा भात घरात आला की पहिला घास घरच्या वडिलानं खायचा. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, लागला की पऱ्ह्याची, म्हणजे रोपांची, पहिली पेंडी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं चिखलात लावायची, मग बाकीच्यांनी. लेकरं-जवान पुढं गेले तर नुसता अपमान होतो, पण पिकल्या केसांच्या माणसांत नियम कडक. मोठ्याच्या आधी लहानानं हात घातला, तर मोठ्याचं आयुष्य तुटतं, असं मानतात. आणि गावात सगळ्यात मोठी कोण? तर माझीच सासू. मामाजी होते तेव्हाही तीच, त्यांच्याहूनही ती वर्षभरानं मोठी होती.

म्हणजे पाहा कसा गुंता झाला होता. देवकाबाईनं सुई घेतली नाही, म्हणून बाकीचे म्हातारे घेईनात. भीतीनं नाही, बाप्पा! तिच्या मायेपोटी. परसराम पटेल तर मला तोंडावर म्हणाले, "तुह्या सासूच्या आधी मी दंड पुढं केला अन् उद्या तिले काही झालं, त मी कोन्या तोंडानं जगू व?" हेच आदल्या साली झालं होतं. तेव्हाही सुई आली होती, तेव्हाही देवकाबाई उठून गेली होती, आणि तिच्या मागं सगळे उठून गेले होते. त्यातले कितीतरी आज नव्हते.

टेकचंदबरोबर निर्मलाबाई नावाची नर्सबाई होती. नागपूरकडची, सडपातळ, पण आवाजात जरब. लेकरांचं टोचणं उरकलं तशी ती मला म्हणाली, "रुख्माबाई, ज्यांना ही सुई सगळ्यात जास्त हवी तीच माणसं निघून गेली. हैजा अंगातलं पाणी काढून घेतो. तरुण माणूस तो झटका सोसतो. म्हाताऱ्याच्या अंगात आधीच काही उरलेलं नसतं."

"मंग थांबा न एखाद दिवस," मी म्हटलं.

"पुढच्या बुधवारी येते. त्यानंतर नदीकाठची गावं आहेत, तिकडून पुन्हा इकडे येणं व्हायचं नाही. ही सुई गेल्या वर्षीची यंदा कामी येत नाही, दरसाल घ्यावी लागते. तुमच्या म्हाताऱ्यांनी तर गेल्या वर्षीही घेतलेली नाही. बघा काय करता येतं ते."

बघते म्हटलं. आणि तरातरा घरी आले.

माय ओसरीवर बसून लाखोरीची डाळ पाखडत होती. मी समोर उभी राहिले. "काऊन आली व उठून?"

"त्या गोंदियावाल्याले बोलाची रीत नाई."

"त्याले मी सांगतो रीत. पन बुधवारी निर्मलाबाई येऊन राहिली. तवा तू घेशील का नाई?"

"मी कायले घेऊ? पिकलं पान मी. आज हाय, उद्या नाई. त्या सुईनं जवान वाचू दे."

"जवानाची सुई संपत नाई तुह्यानं. पेटीभर आनली हाय."

"मंग लाव आपल्या दंडाले आनखी एक!"

"लावलीच असती, तुले लागू पडली असती त!"

तिनं सूप आपटलं. माझंही डोकं फिरलं. आवाज इतका चढला की आमचे मालक गोठ्यातून बाहेर आले, एकदा मायकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि गुपचूप परत गोठ्यात गेले. या दोघींच्या मधे पडायचं नाही, एवढी अक्कल त्यांना लग्नाच्या पहिल्या सालीच आली होती.

पण त्या दिवशी मायच्या भांडणात नेहमीचा दम नव्हता. शिव्या देता देता मधेच सुपातल्या डाळीत बोटं फिरवायला लागली. मी तिच्याजवळ बसले. "माय, तू गेली त मी मरीन," असं सरळ सांगितलं. लाजायचं काय त्यात? तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. "अशी कोनी मरत नाई," म्हणाली आणि उठून आत गेली.

बुढीला काहीतरी सलत होतं. काय, ते मला कळेना. मी रागावून पाहिलं, रडून पाहिलं, एक वेळ जेवले नाही. ती ढिम्म हलली नाही. शेवटी मला वाटलं, मायेनं हलत नाही तर हिला हट्टानंच हलवावं. आणि हट्टाचं औषध आमच्या गावात एकाच ठिकाणी मिळायचं. पवारटोलीत, सुखवंतामायच्या अंगणात.

सुखवंतामाय पवारांच्या घरची. तिच्या घरचे लोक पिढ्यांमागं माळव्यातून आले, आणि अजून घरात आपली पवारी बोलतात. तिचं आणि माझ्या सासूचं वैर चिखलाइतकं जुनं. सुखवंतामायचं म्हणणं, की गावात सगळ्यात वडील आपण. रोवण्याची पहिली पेंडी आपल्या हातची हवी. दरसाल पंच बसत, दरसाल दोघींची बाजू ऐकत आणि दरसाल देवकाबाईला मान देत. मग सुखवंतामाय आठ दिवस पंचांना शिव्या देत फिरायची.

मी गेले तेव्हा ती खाटेवर बसून नातवंडाची चोळी शिवत होती. डोळ्याला चष्मा नाही, दोरा एका दमात ओवलेला. मी पायाला हात लावला.

"बस. तुही सासू मेली का?"

"नाई व माय! असं काऊन बोलतेस?"

"मंग तू माह्या घरी कायले आली? तुमच्या घरचं कोनी फुकट येत नाई."

मी सांगितलं, "बुधवारी सुईवाली बाई येऊन राहिली. गावच्या रीतीनं पहिली सुई सगळ्यात वडील मानसाले. देवकामाय नाई म्हनते. मी म्हटलं, मंग तो मान सुखवंतामायचा."

ती हातातली सुई थांबवून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता फुलून जाईल. पण म्हातारी हसायलाच लागली. दात नव्हते, तरी तोंडभर हसली.

"रुख्मे, मले का येडी समजली? माह्या पाठीवर बसवून तुले आपली सासू नदीपार न्यायची हाय."

मी मान खाली घातली. खोटं काय बोलू?

"बरं झालं, खोटं बोलली नाई ते," ती म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "माही धाकटी जाऊ गेली मागच्या साली. तिले मी म्हटलं होतं, चाल, घेऊ सुई. थे म्हने, देवकाबाईच्या आधी कशी घेऊ? मी म्हटलं, माह्या मागून घे न. मीच मोठी ना!" तिनं डोळे पुसले आणि लगेच नाक वर केलं. "येतो मी. पन चोरावानी नाई येनार. वाजत गाजत येईन. कुंकू लावा, हातात नारळ द्या. चावडीभर कळलं पाहिजे का पहिला मान कोनाचा."

"हव," मी म्हटलं. माझ्या अंगात त्या क्षणी दहा माणसांचं बळ आलं.

बुधवारी सकाळी पवारटोलीतून डफडं वाजायला लागलं. आमच्या ओसरीवर माय पेज पीत होती. "कोनाचं लगन काढलं या उन्हात?" तिनं विचारलं.

"लगन नाई. सुखवंतामायले चावडीवर नेऊन राहिले. गावातली सगळ्यात वडील म्हनून पहिली सुई तिले."

मायच्या हातातली वाटी तोंडाजवळच थांबली. "कोन वडील?"

"सुखवंतामाय."

"कोन म्हनते?"

"आता थेच म्हनते. अन् तू त घरी बसली. मंग पंच काय करतीन?"

मी शेण गोळा करायच्या निमित्तानं अंगणात गेले, आणि हसू दाबून दाबून माझं पोट दुखायला लागलं. मागं वळून पाहते तर माय काठी शोधत होती.

चावडीवर नुसती गर्दी. निर्मलाबाईंना मी रीत आधीच समजावली होती. त्यांनी टेकचंदला दम भरला होता, त्यामुळे तो बिचारा हात जोडून, "आइए माताजी, पहले आप," असं घोकत उभा होता. मधोमध चटई टाकलेली. सुखवंतामाय नवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून, मांडीवर नारळ घेऊन त्या चटईवर बसली होती. नवरीसुद्धा एवढी ऐटीत बसत नाही. चारी बाजूंनी म्हातारे ओट्यावर. पण सगळ्यांचे चेहरे कावरेबावरे. हे असं चालतं का, हिनं आधी घेतली तर देवकाबाईचं काय, अशी कुजबुज.

निर्मलाबाईंनी सुखवंतामायचा दंड कापसानं पुसला, आणि तेवढ्यात गर्दीच्या पलीकडून आवाज आला.

"थांब!"

माणसं आपोआप बाजूला झाली. माझी सासू काठी टेकत, धापा टाकत, पदर खांद्यावरून घसरलेला, अशी आली. मी मागोमाग. तिला सावरायला हात पुढं केला तर तो झटकला.

"सुखवंते, ऊठ तेथून."

"कायले उठू?"

"तू माह्यापेक्षा मोठी? तू लगन होऊन या गावात आली, तवा माही मोठी पोरगी पानी भरत होती!"

"मी उशिरा आली लगन होऊन, म्हनून लहान का? साठ सालामागं छपन्याचा दुकाळ पडला, तवा मी महूची फुलं वेचाले जात होती. तू तवा पाळन्यात असशील!"

"पाळन्यात? छपन्याच्या दुकाळात माही माय मले खांद्यावर नाई, बोटाले धरून नेत होती!"

"मंग मी तुह्यापेक्षा मोठीच झाली न! मी वेचत होती, तू बोट धरून चालत होती!"

गर्दी खो खो हसायला लागली. माय क्षणभर गडबडली. पण ती हरणारी नव्हे. परसराम पटेलांकडे वळली, "पटेल, तुमी सांगा. पंचानं कोनाले मान देल्ला आजपावेतो?" पटेलांनी मान हलवली, "तुमालेच, देवकाबाई." झालं! माय काठी टाकून चटईवर बसली, सुखवंतामायला कुल्ल्यानं बाजूला सारून. निर्मलाबाईंसमोर उजवा दंड केला. "लाव. गावची रीत मोडाची नाई."

निर्मलाबाईंनी हसत दंड पुसला. सुई उचलली. आणि माझ्या सासूनं हात मागं ओढून घेतला.

"काय झालं, आजी? दुखणार नाही फार," निर्मलाबाई म्हणाल्या.

मायनं पदर दंडावर ओढून घेतला. मी खाली बसले, "माय, काय झालं व?" तशी ती बोलली. हळू नाही. सगळ्या चावडीला ऐकू जाईल असं.

"मागच्या साली माह्या बुढ्याले सुई घ्याची होती. घरी म्हने, देवके, तू पहिले घे, मंग मी घेतो. म्हने, मले जगाचं हाय अजून. मी त्याले हसली. म्हटलं, एवढा म्हातारा झाला तरी जिवाची हाव सुटत नाई? त्याले लाज वाटली. गप बसला. मंग गेला." तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी मारलं त्याले. आता मी कोन्या तोंडानं आपला जीव वाचवू?"

आमचे मालक गर्दीत मागं उभे होते, त्यांनी डोक्यावरचा शेला डोळ्याला लावला. वर्षभर ही बाई हे गिळून बसली होती, आणि मी तिच्याशी डाळ आणि सूप यावरून भांडत होते. मला रडू फुटलं.

बोलली ती सुखवंतामाय.

"ऐक व, देवके." तिनं माझ्या सासूचे हात तोंडावरून खाली ओढले. चांगले जोरानं ओढले. "तू हसली, चुकली. तुहा बुढा काही वापस येत नाई आता. पन इकडं पाह्य. हा परसराम पाह्य. जीवनलाल पाह्य. थे तुह्यासाठी थांबून हायेत. तू नाई घेतली त कोनी घेत नाई. मागच्या साली एक मारला म्हनते न? यंदा किती मारतेस, सांग!"

बाप रे! मला वाटलं आता माय काठीच उचलणार. पण तिनं काठीला हातही लावला नाही. मग मान वळवून ओट्यावरच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. एकेकाच्या चेहऱ्याकडे. सगळे तिच्याकडेच बघत होते.

"माह्यासाठी थांबले?" तिनं विचारलं.

"हव," परसराम पटेल म्हणाले. "तुमी आमच्यात मोठ्या."

मायनं नाक पुसलं. दंड पुन्हा पुढं केला. दुसऱ्या हातानं सुखवंतामायचं मनगट घट्ट धरलं, आणि डोळे मिटून घेतले. निर्मलाबाईंनी सुई लावली, काढली, कापूस दाबला.

"झालं?"

"झालं, आजी."

"एवढंच? मी त समजली हातच काढून घेतीन!"

अहाहा, काय तो हशा उसळला! डफडंवाला भानावर आला आणि त्यानं असं काही डफडं वाजवलं, की चावडीवरची कबुतरं उडून गेली. सुखवंतामायनं लगेच आपला दंड पुढं केला, "चाल, दुसरा मान माहा." आणि मग म्हाताऱ्यांची रांग लागली. लागली म्हणजे काय, भांडतच लागली. परसराम मोठे की जीवनलाल, यावरच दोन विड्या संपल्या. जो तो पुढं घुसायला बघत होता. टेकचंद कपाळाला हात लावून म्हणाला, "पहले कोई आता नहीं था, अब कोई रुकता नहीं." निर्मलाबाई एकेकाला टोचत होत्या आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. घाम होता की काय होतं, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे दंड सुजले. कोणाला कणकण आली. मी घाबरले, पण निर्मलाबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की होणार, घाबरू नका. बुढी बाजेवर पडून कण्हत होती आणि मधेच विचारत होती, "सुखवंताले केवढी सूज आली, पाहून ये." मी जाऊन आले. "तुह्यापेक्षा कमी हाय," सांगितलं, तर चेहरा उजळला.

ताप उतरल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, "केवळ्याले सांग, रेंगी जुंप."

"कोठं जाचं हाय?"

"नदीकाठी. थ्या बाईची पेटी गेली न तिकडं. तेथले म्हातारे का लय शहाने हायेत? तेथंबी असंच बसले असतीन, एकमेकाच्या तोंडाकडं पाहत."

केवळ्या म्हणजे तिचा लेक, आमचे मालक. त्यांनी बैल जुंपले. रेंगी म्हणजे आमची हलकी बैलगाडी, दोघी म्हाताऱ्या दाटीवाटीनं बसतील एवढी. हो, दोघी. सुखवंतामायला टोलीतून घेतल्याशिवाय माय हलेना. "थे बोलते चांगली," म्हणाली. मी मागं पाय सोडून बसले. वाटभर दोघींचं भांडण, पहिले कोणी बोलायचं यावरून.

नदीकाठच्या गावात तसंच होतं, अगदी तसंच. निर्मलाबाई झाडाखाली एकट्या, म्हातारे घरात. एक बकाराम नावाचा म्हातारा तर दारात काठी आडवी लावून बसला होता. म्हणे, "माह्या मरनाच्या मधे येऊ नोका." माय सरळ त्याच्या दारात जाऊन खाली बसली. सुखवंतामायनं तोंड उघडलं होतं, तिला हातानं गप केलं. आणि मग तिनं सगळं सांगितलं. बुढा काय म्हणाला, आपण कशी हसलो, तो कसा गेला. कोणापुढं कधी वाकली नाही ती बाई, परक्या गावात परक्या माणसापुढं आपली चूक काढून ठेवत होती. शेवटी म्हणाली, "भाऊ, जगाची हाव धरनं काही पाप नाई. मले हे लय उशिरा समजलं. तुमी तरी धरा." बकारामच्या म्हातारीनं आतून हुंदका दिला. कोणीतरी आपल्या नवऱ्याला हेच सांगावं, असं त्या बाईलाही वाटत असावं.

बकारामनं काठी बाजूला केली. आपल्या पायांनी झाडाखाली गेला.

त्या आठवड्यात रेंगी आणखी दोन गावं फिरली. मी घरचं सगळं सोडून मागं बसून गेले. पऱ्ह्यांना पाणी कोण देईल, म्हणून आमचे मालक कुरकुरले, तर माय म्हणाली, "तुहा बाप असता त त्यानं मलेच जुंपलं असतं गाडीले."

श्रावणात नदी चढली आणि हैजा आला. आला तो नदीकाठीच आधी. रोज खबर यायची. आमच्या गावातही आला. सुई न घेता पळून गेलेले दोन जवान पोट्टे पडले, त्यांना गाडीत घालून गोंदियाला नेलं, सलाईन लावलं, वाचले. म्हाताऱ्यांतही एकदोघांना झालं, पण हलकं. मायचं पोट रोज सकाळी मी विचारायची. ती वैतागून म्हणायची, "काही नाई झालं, तुह्या हातचा भात सोडून!"

रोवणा लागला तोवर आभाळ जरा उघडलं होतं. आम्ही बाया बांधीत गुडघाभर चिखलात, ओळीनं, वाकून. माय धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून पेंड्या फेकत होती आणि आमची ओळ वाकडी म्हणून ओरडत होती. तेवढ्यात लांबून एक म्हातारा येताना दिसला. काठी टेकत, अंगावर ओलं धोतर, चालताना दर थोड्या वेळानं थांबत. मला आधी ओळखू आला नाही, इतका वाळला होता.

"देवकाबाई कोन हाय येथं?"

"मी. तुमी कोन?"

"बकाराम. नदीकाठचा." तो धुऱ्यावर खाली बसला आणि दम घेत राहिला. "मले हैजा झाला, बाई. दोन दिवस पडून होतो. सुईवाली आली होती, थे म्हने सुई नसती घेतली त पहिल्याच दिवशी गेले असते. पोट्टे म्हनले, बाबा, आराम करा. मी म्हटलं, पहिले तिले तोंड दाखवतो. आमच्या गावात यंदा एकबी म्हातारं गेलं नाई."

मायच्या हातातली पेंडी तशीच राहिली. बायांनी वाकलेल्या कमरा सरळ केल्या. कोणी तरी आनंदानं ओरडलं आणि त्या बांधीतून पलीकडच्या बांधीत, तिथून आणखी पुढं, सगळ्या शिवारात हाका गेल्या. मी चिखलातून धावत धुऱ्यावर आले.

माय त्या माणसाकडे बघत होती. त्याचे सुकलेले हात, खोल गेलेले डोळे, श्वासानं हलणारी छाती. तिनं हात पुढं करून त्याच्या मनगटाला हात लावला, जिवंत आहे ना हे पाहावं तसा. आणि मग मोठमोठ्यानं रडायला लागली. वर्षभराचं रडणं होतं ते. मी तिला छातीशी धरलं, चिखलानं भरलेल्या हातांनी.

"रुख्मे," ती रडत रडत म्हणाली, "वाचला व हा. मी याले वाचवला."

"हव माय. तूच वाचवला."

"चाल," तिनं डोळे पुसले आणि माझ्या खांद्याला धरून उठली. "भात टाक. भाऊ जेवल्याबिगर जानार नाई."